शब्दावर टिचकी, कानावर उच्चार



बोटांवर मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच. आता ‘चार’ मधला च आणि ‘पाच’ मधला च पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण आवाज दोन. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते. ‘पाच’ म्हणताना ती दातांच्या मागे जाते आणि त्स सारखा आवाज निघतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांत कागदावर एका कान्याचाच फरक आहे, पण तोंडात च सुद्धा बदलतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ तसाच. च ला इ, ई, ए किंवा य जोडला की तो सहसा टाळूचा होतो, एवढा एक नियम सांगता येतो. बाकी शब्दागणिक लक्षात ठेवायचे. आपल्या लिपीत हा फरक दाखवायची सोय नाही.

महाराष्ट्रात वाढणारे मूल हे ऐकूनच शिकते, त्याला कोणी धडा देत नाही. कुवेतमधल्या मुलाच्या कानावर शाळेत इंग्रजी आणि हिंदी पडते, रस्त्यावर अरबी. मराठी पडते ती आईबाबा कामावरून दमून आल्यावर, तीही बहुतेक ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’ एवढीच. हिंदीत ‘पाँच’ चा च टाळूचा, म्हणून मराठीतला ‘पाच’ ही तसाच होतो. ‘काळ’ चा ‘काल’ होतो, ‘वेळ’ चा ‘वेल’ होतो, ‘मूळ’ चे ‘मूल’ होते. वर्गाचे पान आपण घरी नेतो, पण ते मुके असते.

म्हणून या पाठात पानालाच बोलते करायचे आहे. संगणकावर पाठ उघडायचा, ‘काळ’ या शब्दावर दोनदा टिचकी मारायची, एक कळ दाबायची, आणि कोल्हापूरच्या किंवा वर्ध्याच्या आजीचा आवाज ऐकायचा. यासाठी कोणतीही महागडी वस्तू लागत नाही. लिबरऑफिस नावाची फुकट मिळणारी लेखन-आज्ञावली पुरे. तिच्यातल्या लिहिण्याच्या भागाला रायटर म्हणतात. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचे वर्ड आहे त्यांच्यासाठी पुढे वेगळे सांगितले आहे.

आधी ‘मॅक्रो’ म्हणजे काय ते पाहू. जेवायच्या वेळी आई स्वयंपाकघरातून म्हणते, “पानं घे गं.” दोनच शब्द. पण ताटे मांडायची, वाट्या ठेवायच्या, पाण्याची भांडी भरायची, मीठ आणि लिंबू डावीकडे वाढायचे, आणि बाबांना हाक मारायची, हे सगळे त्यात आले. कारण हा क्रम एकदा शिकवलेला आहे. मॅक्रो तसाच असतो: पुष्कळ लहान कामांचा क्रम एकदा लिहून ठेवायचा, त्याला नाव द्यायचे, आणि पुढे फक्त नावाने हाक मारायची. मॅक्रो हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ ‘मोठा’. एका आज्ञेच्या पोटात अनेक आज्ञा, म्हणून ती मोठी.

आपल्या मॅक्रोला पाच कामे शिकवायची आहेत. पडद्यावर निवडलेला शब्द उचल. त्याच्या मागेपुढे रिकामी जागा चिकटली असेल तर ती काढून टाक. हा पाठ ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता विचार. त्या पत्त्याला शब्द जोड आणि शेवटी ‘एमपी३’ हे शेपूट लाव. तशी फाइल असेल तर संगणकाला सांग, “ही वाजव”. नसेल तर “या शब्दाचा आवाज अजून नाही” असा निरोप दाखव. बस्स. लिबरऑफिसच्या बेसिक भाषेत हे वीसेक ओळींत होते. त्या ओळी इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे येथे छापल्या नाहीत. वर्गातल्या संगणकावर ठेवल्या आहेत, पेन ड्राइव्ह आणून नकलून न्या. स्वतः लिहू पाहणाऱ्या पालकांनी ‘धिस-कंपोनंट’ कडून निवडलेला मजकूर आणि पाठाचा पत्ता मागावा, आणि फाइल उघडण्याचे काम ‘सिस्टिम-शेल-एक्झिक्यूट’ या सेवेवर सोपवावे.

पाचव्या कामात एक बारीक गोष्ट आहे. रायटरला आवाज काढता यावा अशी आपली अपेक्षाच नाही. तो फक्त विंडोजला फाइल दाखवतो, आणि एमपी३ वाजवायचे काम ज्या आज्ञावलीकडे सोपवलेले असेल तिला विंडोज उठवते. एकाच्या घरी ती व्हीएलसी असेल, दुसऱ्याच्या घरी वेगळी. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. चित्रफीत असली तरी रीत हीच, फक्त शेपूट बदलते.

आता पत्त्याचे प्रकरण. कुवेतमध्ये कोणाकडे जेवायला जायचे असले की आपण काय विचारतो? भाग कोणता, गट कितवा, रस्ता कितवा, इमारत कोणती. सालमिया म्हटले, पुढे गट, रस्ता, इमारतीवरच्या निळ्या पाटीवरचा नागरी माहिती प्राधिकरणाचा क्रमांक. हा झाला पूर्ण पत्ता. तो कोणालाही कुठूनही चालतो, पण कुटुंब मंगाफला राहायला गेले की फुकट जातो. दुसऱ्या प्रकारचा पत्ता म्हणजे ‘शेजारच्या दाराची घंटी वाजव’. हा पत्ता परक्याला निरुपयोगी. पण समजा अख्खी इमारतच उचलून मंगाफला ठेवली, तरी शेजार शेजारच राहतो.

पुष्कळ जण पाठात ध्वनीचा दुवा टाकताना पहिल्या प्रकारचा पत्ता टाकतात. त्यांच्या संगणकावर तो छान वाजतो. तोच पाठ फहाहीलच्या मैत्रिणीला दिला की गप्प बसतो, कारण तिच्या संगणकावर ‘बाबांचे कागद’ नावाचे फोल्डरच नसते. म्हणून आपला मॅक्रो दर वेळी पाठालाच विचारतो, “तू आत्ता कुठे राहतोस?” आणि शेजारच्या दारात आवाज शोधतो. नियम एकच: पाठ आणि त्याचे सगळे आवाज एकाच फोल्डरमध्ये, आणि कुणाला द्यायचे तर अख्खे फोल्डर द्यायचे.

येथे कोणी विचारेल की साधा दुवा का नाही वापरायचा? पाच-सहा शब्दांचाच पाठ असेल तर आम्हीही साधा दुवाच वापरावा असे म्हणू. लिबरऑफिस हे दुवे आपण होऊन शेजारच्या पत्त्यानेच साठवते, त्यामुळे तेथेही फोल्डर एकत्र ठेवले की भागते. पण चाळीस शब्दांच्या पाठाला चाळीस दुवे हाताने घालायचे, आणि एक शब्द वाढला की पुन्हा बसायचे, हे नोकरी करणाऱ्या पालकाकडून होत नाही. दोन आठवडे उत्साह टिकतो. मॅक्रोच्या पद्धतीत नवा शब्द म्हणजे फोल्डरमध्ये टाकलेली एक नवी फाइल. पाठाला हातही लावावा लागत नाही.

याचे रहस्य नावात आहे. फाइलचे नाव म्हणजेच तो शब्द. ‘काळ’ या शब्दाची फाइल ‘काळ’, ‘वेळ’ ची ‘वेळ’. मोबाइलवर हा मॅक्रो चालत नाही, न चालो. फोल्डर मोबाइलवर टाका, यादीतल्या ‘काळ’ वर बोट ठेवा, ‘काळ’ ऐकू येईल. वीस वर्षांनी लिबरऑफिस असो वा नसो, हे फोल्डर उघडणाऱ्याला कशात काय आहे ते वाचता येईल. व्हॉट्सअॅपने दिलेली आकड्यांची लांबलचक नावे तशीच ठेवली तर मात्र पुढच्या रमजानपर्यंतसुद्धा कुणाला काही सापडणार नाही.

पण शब्दालाच नाव केले की मराठीचे व्याकरण आडवे येते, आणि हा भाग मुलांनी नीट वाचावा. पाठात वाक्य आहे: ‘फळाची साल काढ.’ तुम्ही ‘फळाची’ वर टिचकी मारली. मॅक्रो ‘फळाची’ नावाची फाइल शोधतो. ती नाही, आहे ती ‘फळ’. तुम्हाला ठाऊक आहे की ‘फळ’ ला षष्ठीचा प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप ‘फळा’ झाले आणि त्याला ‘ची’ जोडले गेले. संगणकाला यातले काही ठाऊक नाही. त्याला ‘फळ’ आणि ‘फळाची’ हे दोन परके शब्द. यावर एक उपाय म्हणजे मॅक्रोला सगळी विभक्ती शिकवणे. तो आम्ही सुचवत नाही. ‘घोडा’ चे ‘घोड्या’ आणि ‘पाणी’ चे ‘पाण्या’ शिकवता शिकवता वर्ष जाईल. सोपा उपाय असा की ऐकायचे शब्द पाठाच्या खाली वेगळ्या ओळीत, प्रथमेत लिहावे. मुलाने वाक्यात ‘फळाची’ वाचायचे, मूळ शब्द कोणता ते ओळखायचे, आणि खालच्या ओळीत जाऊन तो ऐकायचा. व्याकरणाचा सराव आपोआप होतो.

दुसरी अडचण याहून चकवणारी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या ‘दऱ्या’ तला अर्धा र मराठीची खास खूण आहे. हिंदीला तो लागत नाही. संगणकात तो लिहायच्या एकाहून जास्त रीती आहेत. काही कळफलक त्यासाठी स्वतंत्र ऱ वापरतात. काही नेहमीच्या र ला खाली नुक्ता जोडतात. काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या दिसतात. पण विंडोज नाव शोधते ते चित्र पाहून नाही, आतले क्रमांक पाहून. पाठ आईने एका कळफलकावर लिहिला आणि फाइलचे नाव बाबांनी दुसऱ्यावर टंकले, तर मॅक्रो शपथेवर सांगेल की ‘दऱ्या’ नावाची फाइल नाही, आणि ती तर समोर दिसत असेल. म्हणून फाइलचे नाव कधीही नव्याने टंकू नये. पाठातला शब्द निवडावा, नकलावा, आणि नावाच्या जागी चिकटवावा.

नाव देताना आणखी एक सांभाळा. विंडोज पुष्कळदा शेवटचे शेपूट लपवून ठेवते. ते दिसत नाही म्हणून आपण हाताने ‘एमपी३’ लिहिले की फाइलला दोन शेपटे होतात आणि मॅक्रोला ती सापडत नाही. शिवाय नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, त्यामुळे ‘काय?’ ची फाइल ‘काय’ च राहील. तिच्या शेजारी पाठातही प्रश्नचिन्ह सोडूनच शब्द निवडा.

आता वर्डवाल्यांसाठी. वर्डमध्ये मॅक्रो लिहायची जी खिडकी आहे ती १९९७ च्या वर्डपासून साधारण तशीच आहे, आणि तिच्यात देवनागरी लिहिता येत नाही. ‘काळ’ लिहिले की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. याचे कारण थोडे इतिहासात आहे आणि ते कुवेतकरांना ऐकायला आवडेल.

येथे कुवेतमध्येच, १९८२ साली, मोहम्मद अल-शारेख यांनी ‘सख्र’ हा उद्योग उभा केला. अरबीत सख्र म्हणजे खडक. एमएसएक्स जातीच्या घरगुती संगणकांत त्यांनी अरबी लिपी आणली, आणि आखातातल्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा कळ दाबली ती त्या संगणकावर. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर त्या कंपनीचा कारभार कैरोला हलला. इकडे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि तेथल्या जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. म्हणजे दोन्ही भाषांत खटपट साधारण एकाच दशकातली. पण विंडोजच्या जुन्या पद्धतीत बहुतेक लिप्यांसाठी दोनशे छप्पन खणांचे एकेक कपाट असे. अरबीला तसे कपाट मिळाले, क्रमांक १२५६. देवनागरीला विंडोजने तसे कपाट कधीच दिले नाही. विंडोजमध्ये देवनागरी आली ती २००० सालच्या विंडोजबरोबर, आणि सरळ युनिकोडमधून. वर्डची मॅक्रोची खिडकी मात्र जुन्या कपाटांवरच अडून राहिली. म्हणून कुवेतमध्ये अरबीसाठी लावलेल्या संगणकावर त्या खिडकीत अरबी नीट उमटते आणि मराठीची प्रश्नचिन्हे होतात.

आपल्या पद्धतीत ही अडचण आपोआप टळते, कारण मॅक्रोमध्ये एकही मराठी शब्द लिहावा लागत नाही. शब्द पाठातून येतो, पत्ता पाठाकडून येतो, आणि वर्ड आतल्या आत दोन्ही बरोबर सांभाळते. फाइल उघडायला तेथे ‘फॉलो-हायपरलिंक’ ही आज्ञा वापरावी. ‘शेल’ आणि ‘डिर’ या जुन्या आज्ञा देवनागरी नावावर अडखळतात. वर्डमध्ये दोनदा टिचकी मारली की शब्दामागची रिकामी जागाही निवडली जाते, म्हणून ती छाटायचे दुसरे काम तेथे विसरून चालणार नाही. आणि ‘आवाज अजून नाही’ हा निरोप बिचाऱ्याला इंग्रजी अक्षरांत द्यावा लागतो.

मॅक्रो ठेवायचा कुठे, हा शेवटचा पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. तो पाठाच्या फाइलमध्येच ठेवता येतो. आमचा त्याला ठाम विरोध आहे. लेखातून दुसरी फाइल आपोआप चालवणे हेच तर मॅक्रोच्या विषाणूंचे काम. १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ नावाचा विषाणू वर्डच्या कागदांतून जगभर पसरला. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ आला. तो कागद उघडला की तुमच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःची नक्कल पाठवी. म्हणूनच २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या कागदातले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. वर्गाकडून आलेल्या ईमेलमधल्या पाठातही ते अडतील, आणि तेच योग्य आहे. ‘एवढा अडसर काढा म्हणजे आवाज येईल’ अशी सूचना आपण आठ वर्षांच्या मुलाला दिली, तर उद्या भलत्याच कुणाच्या कागदाचा अडसरही तो तितक्याच सहजपणे काढेल. ती सवय लावू नये.

तेव्हा पाठ हा साधा, मॅक्रो नसलेला कागद राहील. मॅक्रो प्रत्येक घरच्या संगणकावर एकदाच बसवायचा: लिबरऑफिसमध्ये ‘माय मॅक्रोज’ मध्ये, वर्डमध्ये ‘नॉर्मल’ या साच्यात. मग त्याला एखादी मोकळी कळ नेमून द्यायची, लिबरऑफिसमध्ये ती टूल्समधल्या कस्टमाइझमध्ये जाऊन. हे काम आईने किंवा बाबांनी करावे, मुलांनी शेजारी बसून पाहावे. आणि ‘एमपी३’ हे शेपूट मॅक्रो स्वतः लावतो, पाठातून घेत नाही. त्यामुळे कुणी शब्दांच्या ओळीत काही वात्रट लिहिले तरी त्यातून आज्ञावली सुरू होत नाही. फार तर एखादे गाणे वाजेल.

आवाज कोणाचे घ्यावेत? शक्यतो आजी-आजोबांचे. त्यांना शब्दांची यादी पाठवा, एका शब्दाचा एक निरोप, शब्द दोनदा आणि मध्ये क्षणभर थांबून. ‘शुद्ध बोला’ असे त्यांना सांगू नका, नाहीतर त्या वर्तमानपत्रासारख्या वाचू लागतात. रत्नागिरीची आजी आणि नागपूरची आजी एकच शब्द वेगळ्या हेलात म्हणतील, तर दोन्ही ठेवा. एक ‘वेळ’, दुसरी ‘वेळ-नागपूर’, आणि ओळीत दोन्ही लिहा, निवडताना मात्र सगळा जोडशब्द निवडा. अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअॅपचे निरोप ‘ओपस’ प्रकारचे असतात. व्हीएलसीतच ते एमपी३ करून घेता येतात. कुवेतमध्ये घरी ध्वनिमुद्रण करत असाल तर तेवढे दोन मिनिटे एसी बंद करा. जुलैत हे सांगणे क्रूरपणाचे आहे, पण एसीच्या घरघरीत च आणि त्स यांतला फरकच बुडतो. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला धरा.

मूळ निरोप पुसू नका. एमपी३ करताना आवाज थोडा घटतो. नव्वदीच्या आजीचा ‘चूल’ पुन्हा कधी मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ‘मूळ आवाज’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ते ठेवा आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर.

घरी करून पाहा

१. काल, काळ, वेल, वेळ, मूल, मूळ, चार, चारा, पाच, दर्या, दऱ्या या अकरा शब्दांचा पाठ रायटरमध्ये लिहा आणि अकराही आवाज गोळा करा. कोणता आवाज कोणाचा ते खाली लिहा.

२. पुढील वाक्यांतल्या शेवटच्या शब्दाआधीच्या शब्दाचे मूळ रूप सांगा, मग त्याची फाइल शोधा: ‘तिने वेळेवर ये म्हटले’ यात युक्ती आहे, आधी नीट मोजा. ‘गाईला चारा घाल.’ ‘मुलांना फळे दे.’

३. ‘दऱ्या’ दोन वेगवेगळ्या कळफलकांवर टंकून दोन फाइलींना नाव द्या. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहतात का ते पाहा आणि आईबाबांना कारण समजावून सांगा.

४. अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून येत्या वर्गाला आणा. वर्गातल्या संगणकावर ‘पाच’ वाजला पाहिजे.